डावीकडची पेंढी

बाबा,

सुनेने आज सकाळी पुन्हा माझ्या नाकाखाली चार बाटल्या धरल्या. एकेकीचं झाकण उघडून, मला डोळे मिटायला सांगून. निलगिरी, लवंग, लिंबू आणि चौथी एक. साथीच्या तापात माझा वास गेला. नाक आहे तिथेच आहे, चष्मा त्यावरच बसतो, पण त्याला काही कळत नाही. ताप उतरला, खोकला थांबला, चव अर्धीमुर्धी परत आली, वास मात्र कुठे गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले की नाकाला पुन्हा शिकवावं लागतं, रोज तेच ते वास घ्यायचे आणि पूर्वी ते कसे होते हे मनात आठवत राहायचं. सुनेने लगेच कुठूनशी सुगंधोपचाराची पेटी मागवली. पेटीत एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आहे. या तेलांनी मन शांत होतं, झोप लागते, जुन्या आठवणी जाग्या होतात, असं तिच्यात लिहिलंय. चौथ्या बाटलीवर इंग्रजी अक्षरांत ‘पामारोझा’ असं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत, मध्य भारतातल्या जंगली गवताचं तेल. बाबा, ते रोशाचं तेल आहे. अंगठ्याएवढ्या बाटलीत, जांभळ्या झाकणाखाली. मी ते नाकाशी धरते आणि मला काहीच येत नाही. काचेचा गारवा तेवढा ओठाला लागतो.

तुमच्या वेळी सगळा चांदा जिल्हाच होता. आता आपलं गाव गडचिरोलीत मोडतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. बाकी चामोर्शीचा बाजार तसाच भरतो. धान निसवायला लागलं आणि पाऊस ओसरला की गावामागच्या नाल्यावर ठेकेदाराची रोशाची भट्टी लागायची आणि तुम्ही तिचे मिस्त्री. आजही डोळे मिटले की मला पहिल्यांदा ती देग दिसते. पोटात दोन माणसं उभी राहतील एवढी लोखंडी देग. तिच्यात गवताच्या पेंढ्या पायांनी तुडवून भरायच्या, बुडाशी पाणी, वर झाकण आणि झाकणाच्या फटी उडदाच्या पिठाने नि मातीने लिंपायच्या. झाकणातून सुंभ गुंडाळलेली बांबूची नळी निघायची आणि वाहत्या नाल्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरायची. त्या भांड्याला तुम्ही भपका म्हणायचात. वाफ तिथे गार व्हायची, पाणी खाली राहायचं आणि वर तेलाचा पातळ पिवळसर पडदा धरायचा. तुम्ही तो इतक्या हलक्या हाताने काढायचात, की माय दुधावरची साय काढताना तुमच्याकडे बोट दाखवून म्हणायची, “हे काम यायलेच सांगा.” खानदेशातून आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून तुम्ही हे शिकला होतात. तो म्हातारा आपल्या घरच्या गप्पांत देवासारखा यायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही.

पण भट्टी लावणं दुसऱ्यांनाही येत होतं. तुमचं खरं काम देग पेटायच्या आधीचं. रोशा गवतात दोन जाती. एक मोतिया, कोरड्या उतारावर, सागाच्या विरळ रानात, इथे एक झुबका तिथे एक झुबका अशी विखुरलेली. दुसरी सोफिया, सखल ओल्या जागेत दाट माजलेली, विळा घातला की भारा तयार. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. मोतियाचं तेल गुलाबाच्या वाटेने जाणारं, सोफियाचं आल्यासारखं उग्र, टर्पेंटाइनकडे झुकणारं. चार पेंढ्या सोफियाच्या पडल्या तर अख्ख्या देगीचं तेल नासायचं आणि ठेकेदार ते घ्यायचा नाही. म्हणून सकाळी कापणारी बायामाणसं भारे घेऊन नाल्यावर आली की तुम्ही मोहाच्या झाडाखाली पाटावर बसायचात. प्रत्येक भाऱ्यातून एक तुरा ओढायचा, तळहातावर चुरायचा, नाकाशी न्यायचा आणि हात उजवीकडे नाहीतर डावीकडे करायचा. उजवीकडची पेंढी देगीत. डावीकडची फुकट, कापणाऱ्याचा सगळा दिवस तिच्यासकट फुकट. कुणी वाद घालत नसे. “भाऊचं नाक म्हणजे कोर्ट हाय,” असं कापणाऱ्यांचे मुकादम म्हणायचे. त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, आम्हीही. जोहार घालून बसले की बिडी पेटवायच्या आधी ते तुमच्यापासून चार हात लांब जायचे, कारण बिडीचा धूर तुम्हाला चालायचा नाही.

भट्टीच्या दिवसांत आपल्या घरातही तोच कायदा होता. सकाळी लसणाची फोडणी नाही, कांदा नाही, तुम्ही तंबाखू सोडलेला आणि सगळ्यांत मोठी बंदी वाळलेल्या झिंग्यांवर. एकदा मी हट्ट केला म्हणून मायने सकाळीच तव्यावर मूठभर झिंगे भाजायला टाकले. तुम्ही अंगणातून आत आलात, तवा चिंध्यांनी धरून उचललात आणि तसाच नेऊन मागच्या परसात पालथा केलात. “हे नाक देगीचं हाय,” तुम्ही म्हणालात, “तुमच्या झिंग्यायचं नाई.” माझ्याकडे पाहून म्हणालात, मायकडे नाही. मी रडले. दुपारी कोंबड्यांनी ते झिंगे टिपले आणि माय म्हणाली, “पाहा, कोंबड्यायचं नशीब.” तुमचं ते एवढंच रागावणं मला आठवतं. ते आठवलं की मला आजही बरं वाटतं, कारण तेव्हा तुम्हाला झिंग्यांचा वास आला होता.

मग तो भादवा. तुम्हाला ताप आला आणि तो किती दिवस राहिला हे मायलाही नीट सांगता यायचं नाही. डोकं बांधून तुम्ही पडून होता, नाक सारखं वाहत होतं, वैदूने कसलासा धूर दिला. तुम्ही उठलात तेव्हा धोतर कमरेला दोनदा गुंडाळावं लागत होतं. भट्टी लागायला आली होती. एका सकाळी माय सगळं विसरून झिंगे भाजायला बसली. इतक्या दिवसांची पेज खाऊन तुमच्या तोंडाला चव यावी, एवढंच तिच्या डोक्यात असेल. तुम्ही दाराच्या पायरीवर बसून कडुनिंबाची काडी चावत होता. वास सगळ्या घरात भरला, शेजारचं मांजर येऊन बसलं. मी तव्याकडे पाहत होते आणि तुमच्याकडे. आता उठतील, आता तवा पालथा होईल. तुम्ही शांतपणे चूळ भरली आणि म्हणालात, “आज काय रांधून राह्यली?” माय दचकली. तिला वाटलं तुम्ही टोमणा मारताय. तिने घाईने तवा झाकला आणि म्हणाली, “काही नाई जी, जवस भाजून राह्यली.” तुम्ही म्हणालात, “बरं.” मी तेव्हा चौथीत होते. जवस आणि झिंगे यांत फरक न कळणारा माणूस असू शकतो हेच मला माहीत नव्हतं, आणि तो तुम्ही असाल हे तर मुळीच नाही. मी मायला बोलले नाही. का, ते सांगता येत नाही. एखाद्याचं उघडं अंग चुकून दिसलं की आपण मान फिरवतो, तसं काहीतरी झालं.

त्या वर्षी तुम्ही मला भट्टीवर नेलंत. गुरुजी आजारी पडून त्यांच्या गावाला गेले होते, शाळेला कुलूप होतं. माय म्हणाली, “पोरीचं काय काम हाय तिथी?” तुम्ही म्हणालात, “शिकून राह्यली. नाक माह्यावर गेलं हाय तिचं.” मी फुगून गेले. पाटावर तुमच्या शेजारी मला जागा मिळाली, समोर भाऱ्यांची रांग. तुम्ही तुरा चुरला, स्वतःच्या नाकाशी नेला, मग हात माझ्या नाकाशी आणलात. “घे वास.” मी घेतला. मोतिया होती, मला बरं वाटलं. तुमचा हात उजवीकडे गेला. पुढचा भारा सोफियाचा, उग्र, माझं नाक आपोआप आक्रसलं. तुमचा हात डावीकडे. दोनचार भाऱ्यांनंतर मला कळलं की तुम्ही तुऱ्याकडे पाहतच नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहता. तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड जरा ठळक करू लागले, तुम्हाला दिसायला सोपं जावं म्हणून. मोतियाला डोळे अर्धे मिटायचे, सोफियाला नाक मुरडायचं. माझ्याकडे दोनच तोंडं होती, आणि दोन गवतांना दोन पुरत होती. लोक हसून म्हणायचे, “भाऊ, पोरगी तं तुमच्यावानी निघाली.” तुम्ही मान डोलवायचात. देगीतून तेल चांगलं उतरत होतं, गाडीत डबे भरून वैनगंगेपलीकडे मूल गावच्या स्टेशनावर जात होतं. सगळं जमून आलं होतं असं मला वाटायचं. घाबरण्यासारखं काही आहे हे मला कळत नव्हतं. तुम्हाला कळत असणार, कारण संध्याकाळी घरी येताना तुमच्या बंडीची पाठ घामाने भिजलेली असायची आणि तेव्हा हवेत चांगला गारवा असायचा.

मग मुंगळ्याचा दिवस. एका बाईचा भारा समोर होता. डोंगराच्या उतारावरून, तान्हं मूल पाठीला बांधून ती एकेक झुबका वेचून आणायची. तुम्ही तुरा चुरलात, हात माझ्याकडे आणलात आणि त्याच क्षणी मोहाच्या मुळातून आलेल्या मुंगळ्याने माझ्या पायाला कडकडून चावा घेतला. माझं तोंड वाकडं झालं. हात डावीकडे. बाई उभीच राहिली. “ओ भाऊ! डोंगरावरची हाय ते. माह्या हातानं कापली.” तुम्ही म्हणालात, “सोफिया हाय.” “त्या उतारावर सोफिया होते का कधी? पुन्हा घ्या ना वास. तुमच्या नाकात काय पडलं?” दोनचार जण हसले. मी पाय चोळत होते, मुंगळा दाखवत होते. तुम्हाला दिसलं बाबा, तुम्हाला सगळं समजलं हे मी तुमच्या कानांवरून ओळखलं, ते लाल झाले होते. पण हात परत फिरवायचा तर वास पुन्हा घ्यावा लागला असता, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नाकाने. तुम्ही म्हणालात, “पुढची आणा.” बाई भारा तिथेच टाकून बाजूला जाऊन बसली. पाठीवरचं मूल झोपलेलं होतं. मामा लांब उभे राहून बिडी ओढत होते. त्यांनी ती संपवली नाही, दगडावर विझवून कानामागे ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे.

मामांनी पुढे जे केलं ते वाईट बुद्धीने केलं नाही, हे मला आता छातीवर हात ठेवून सांगता येतं. माणसं दिवसभर उन्हात वाकून कापत होती आणि त्यांच्या पेंढ्या कुणाच्या नाकावर डावीकडे चालल्या आहेत हे समजून घ्यायचा त्यांना हक्क होता. त्याच दिवशी ठेकेदाराचे दिवाणजी चांद्याहून आलेले होते, खाटेवर बसून चहा पीत होते. भारे संपत आले तसे मामा पुढे आले. “भाऊ, एक पेंढी राह्यली. नवीन जागेवरची हाय. पाहा बरं.” आणि पेंढी पुढे न करता, मुठीत चुरलेलं काहीतरी त्यांनी सरळ तुमच्या तळहातावर सोडलं. तुम्ही ते नाकाशी नेलंत, पुष्कळ वेळ धरलंत, नेहमीपेक्षा जास्त. मग हात माझ्याकडे आला. मी वास घेतला. त्यात ना मोतिया होती ना सोफिया. तो कालच्या देगीतून काढलेला चोथा होता, सगळं तेल निघून गेल्यावर उरतो तो, उन्हात वाळवून आपण भट्टीलाच जाळायला घालायचो तो. त्याला उकडलेल्या चाऱ्याचा वास येत होता, बैलाच्या गव्हाणीसारखा. मिस्त्रीला चोथा हुंगायला दिला! नऊ वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठा विनोद काय हवा. मला हसू आलं. मी आवरलं नाही. तुम्ही माझं हसणं पाहिलंत आणि तुमचा चेहरा सैल झाला, मोठं ओझं उतरल्यासारखा. “मोतिया,” तुम्ही मोठ्याने म्हणालात, खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने. “एक नंबर मोतिया हाय.”

मामाच हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, हा तं देगीतला चोथा हाय.” मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले आणि मग सगळे एकदम थांबले. ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं. ती डोंगरावरची बाई हसली नाही, तिने पदर तोंडाशी धरला. तुम्ही तळहाताकडे पाहत होता. तुम्ही तो झटकला नाहीत. उठून नाल्यावर गेलात, हात पाण्यात धुतलात, पुन्हा पुन्हा धुतलात, आणि परत येऊन पाटावर न बसता उभे राहिलात. दिवाणजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मिस्त्री, जरा इकडे या.” तुम्ही गेलात. मला आजही त्या मोहाच्या झाडाखाली, रिकाम्या पाटाशेजारी बसल्यासारखं वाटतं. सगळे माझ्याकडे पाहताहेत आणि माझ्या तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलेलं नाही.

घरी येताना तुम्ही शेताच्या धुऱ्यावरून पुढे चालत होता, मी मागे. धान पिवळं पडायला लागलं होतं. तलावाच्या पाळीवर आल्यावर तुम्ही मागे न पाहता विचारलंत, “हसू आलं का तुले?” मी म्हणाले, “हो.” “काऊन?” “बैलाच्या गव्हाणीवानी वास येत होता, बाबा.” तुम्ही थांबलात. “अस्सं,” म्हणालात. मग थोडं चालून, “उकडलेला?” “हो. उकडलेला.” तुमच्या पाठीकडे पाहत होते म्हणून मला तोंड दिसलं नाही, पण खांदे हलले, आणि तुम्ही हसताय हे माझ्या लक्षात आलं. “मंग हसाचंच,” तुम्ही म्हणालात. “हसू आलं तं हसावं, बाई.” आपण दोघं त्या गोष्टीविषयी एवढंच बोललो. त्याआधी नाही, नंतर नाही. माझ्यावर राग नाही हे सांगण्यासाठी तुम्ही हसलात, की खरंच हसलात, हे मी ठरवू शकलेले नाही.

दिवाणजींनी दुसरा मिस्त्री आणला. तुम्हाला काढलं नाही, जाळावर ठेवलं. त्याच भट्टीवर, त्याच नाल्याकाठी, तुम्ही वाळलेला चोथा देगीखाली सारत बसायचात. मिस्त्री होतात तेव्हा संध्याकाळी तुमच्या अंगाला गुलाबासारखा वास यायचा, आता धुराचा. मायने सगळा राग मामांवर काढला. “माह्या माणसाले चार लोकायत नंगं केलं त्यानं,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मामा एकदा तलावातली ताजी मासोळी पळसाच्या पानात गुंडाळून दारात आले. “बाई, भाऊ हायेत का?” मायने कवाड लोटून घेतलं. मी कवाडाच्या आतल्या बाजूला होते. फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते, ते काही वेळ तिथेच उभे राहिले, मग पानं पायरीवर ठेवून गेले. मासोळी मांजराने नेली. मामांच्या पोरीच्या लग्नाला आपल्या घरातून कुणी गेलं नाही. तुम्ही मायला एकदा म्हणालात, “सोड ना आता. त्याची काही चूक नाई.” माय म्हणाली, “मंग कोणाची हाय?” तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे न पाहण्यासाठी तुम्हाला किती जोर लावावा लागला, हे मी पाहिलं.

पुढे मी शिकायला चांद्याला गेले. निघायच्या दिवशी तुम्ही बंडीच्या खिशातून एक बाटली काढलीत, अत्तराची जुनी, बूच लावलेली. “पह्यल्या धारेचं हाय,” म्हणालात. “मोतिया. नव्या मिस्त्रीकडून मांगून आणलं.” मी बूच काढलं. बाबा, ती सोफिया होती. आलं आणि टर्पेंटाइन, डोळ्यांत पाणी आणणारी. नव्या मिस्त्रीने तुम्हाला टाकाऊ तेल दिलं होतं, कारण तुम्हाला काय कळणार हे सगळ्या भट्टीला माहीत होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता, पाटावर पाहायचात तसे. आणि मी डोळे अर्धे मिटले. बऱ्याच दिवसांनी ते तोंड केलं होतं, पण जमलं. “चांगलं हाय?” तुम्ही विचारलंत. “एक नंबर,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की हे तुमचेच त्या दिवशीचे शब्द आहेत. तुमच्याही लक्षात आलं असेल. तुम्ही बूच माझ्या हातातून घेतलंत आणि दाबून लावलंत. वसतिगृहातल्या मुली बाटली पाहून म्हणायच्या, “ही तर गुडघेदुखीचं तेल घेऊन आली!” आपल्याकडे रोशाचं तेल म्हणजे तेच ना, म्हाताऱ्यांचे गुडघे, पोरींच्या डोक्यातल्या उवा, बाळंतिणीची पाठ. मी ती बाटली कधी वापरली नाही आणि कधी टाकलीही नाही. तेल केव्हाच उडून गेलं. काचेला तपकिरी डाग आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी नागपुरात रविवारच्या पुरवणीची पानं लावत होते. आयुष्यभर मी तेच केलं. दिलेल्या वेळेत, दिलेल्या जागेत, हवा तेवढा मजकूर. एकदा रोशावर लेख हवा होता म्हणून मी पुस्तकं चाळली. जुन्या काळी हे तेल मुंबईच्या बंदरातून अरबस्तानात आणि तिथून तुर्कस्तानात जायचं आणि तिथले व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळायचे. जिथे ते काढलं जायचं तिथे कुणी त्याला गुलाब म्हटलं नाही आणि जिथे ते विकलं जायचं तिथे कुणी त्याला गवत म्हटलं नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं, मी लेखाची सुरुवातच त्याने केली. शेवट तुमच्यावर केला. मोहाच्या झाडाखालचा पाट, उजवा हात, डावा हात, ‘भाऊचं नाक म्हणजे कोर्ट’. तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत त्या पाटावर होतात, असं मी लिहिलं. लेख लोकांना आवडला, पत्रं आली. मी तो मायला वाचून दाखवला. ती डोळे पुसत म्हणाली, “त्या मामाचं नाव नाई टाकलं ना?” मी म्हणाले, “नाही.” “बरं केलं. त्याचं नाव कशाले.” तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहून निवडायचात आणि त्या दिवशी चुकलात ते माझ्या हसण्यामुळे, हे तेव्हा सांगता आलं असतं. मामा तेव्हा जिवंत होते, हातपाय धरले होते पण पायरीवर बसून माणसं ओळखत होते. माय गेली ती त्यांच्यावरचा राग घेऊन गेली आणि त्यांना तो का हे अर्धंच माहीत होतं. मुंगळा चावला ही माझी चूक नाही, चोथ्याला हसले हीही नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय आणि ते खरंही आहे. लाज वाटते ती कवाडाच्या फटीतून दिसलेल्या त्या पायांची. आणि तुमचा जाळावरचा सगळा काळ मी एका वाक्यात पुसून टाकला, कारण तिथे मला माझं हसू दिसत होतं.

आता बाटल्यांचं. सून चांगली आहे, बाबा. माझ्या नाकाचं तिने फार मनावर घेतलंय. मला द्यायच्या आधी ती स्वतः वास घेते आणि तिचं तोंड फार बोलकं आहे, निलगिरीला भुवया वर, लवंगेला दात दाबून श्वास आत. मला डोळे मिटायला सांगते, मी पुरते मिटत नाही. चौथ्या बाटलीला तिचे डोळे अर्धे मिटतात. गेले काही दिवस मी तिला सांगतेय की थोडं थोडं येऊ लागलंय. ती मुलाला फोनवर आनंदाने सांगते, “आईंना लवंग आली!” मला रोज ठरवावं लागतं की आज काय काय येणार. तुमची बंडी घामाने का भिजायची ते आता कळतं. आज सकाळी तिने चौथी बाटली धरली आणि विचारलं, “आई, हिचा येतो का? कसा येतो, सांगा ना.” मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“मोतिया,” मी म्हणाले.

तिला त्या नावाचं गवत माहीत नाही. तिला वाटलं मी मोतिया मोगऱ्याचं काही म्हणतेय, ती हसली आणि पेटीत बाटल्या लावून आत गेली. हे पत्र मी त्याच पेटीत, पुस्तिकेखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू. वास आला नव्हता, बाबा.